उपाशीपोटीची साखर आणि चोरून खाल्ल्याचा आळ

महोदय,

आमच्या गावातल्या मधुमेह शिबिराची बातमी आपल्या अंकात फोटोसह आली. त्या रांगेत मीही होते. माझी उपाशीपोटीची साखर १७८ निघाली आणि टेबलावरच्या पोरानं सगळ्यांच्या देखत विचारलं, "आजी, रात्री काय खाल्लं?" संध्याकाळी शेजारीणही ओट्यावर येऊन तेच, "रातले काय खादं वं माय?" आठ वाजता एक कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली होती. शेवेचा डबा सुनेच्या ताब्यात असतो, तिला विचारा.

सून हुशार. तिनं घरच्या मशिनवर रात्री झोपताना साखर पाहिली, १३८. पहाटे तीनला उठवून पाहिली, १३१. सहा वाजता, पोटात चहाचा घोटही नसताना, १७६. मधे कोणी काही खाल्लं नाही. मग चोर कोण?

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की चोर अंगातच आहे. पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन असे रस वाढतात आणि लिव्हर आपल्या कणगीतली साखर रक्तात सोडतं. हे सगळ्यांच्याच अंगात होतं. निरोग्याचं इन्सुलिन ती साखर लगेच आवरतं, आमचं अपुरं पडतं. उशिरा जेवलं, तळलेलं खाल्लं, तर आकडा आणखी चढतो, हेही खरं. पण आकडा दिसला की चोरीच, असं नाही.

आळ नको म्हणून आमच्याकडच्या बाया रात्रीचं जेवण सोडतात, नाहीतर मनानंच गोळी वाढवतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हे महागात पडतं. रात्री साखर सत्तरच्या खाली जाते, दरदरून घाम फुटतो, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी डोकं दुखतं. आणि खान्देशात मे महिन्यात घामानं गोधडी भिजली तर कोण साखर तपासणार? उकाड्यावर ढकलून मोकळे! म्हणून पहाटे तीनचा आकडा महत्त्वाचा. तो चांगला असून सकाळचा चढला तर एक उपाय, रात्रीपासूनच चढलेला असेल तर दुसरा, आणि तीनलाच खाली गेलेला असेल तर औषध कमी करायची वेळ. ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्यापुढे आकडे तर हवेत. एका सकाळच्या आकड्यावर घाबरू नये. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसीची तपासणीही आहे.

शिबिरवाल्यांना माझं सांगणं एवढंच की उपाशीपोटीचा आकडा लिहिताना जेवणाची वेळ आणि चालू गोळ्याही लिहून घ्या, आणि विचारायचं ते हळू आवाजात विचारा. शेतकऱ्यांना आणखी एक विचारा: या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे का? आमच्याकडे कापसाला, केळीला पाणी भरायला माणसं रात्री दोनला उठून शेतात जातात. झोप मोडली तर साखर चढते, आणि गोळी घेऊन अंगमेहनत केली तर उतरूही शकते. त्यांच्या खिशात बॅटरीबरोबर साखरेची पुडी असते का, हे अजून एकाही शिबिरात कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

आपली एक वाचक,
अमळनेर तालुका, जि. जळगाव