कंदीच्या उन्हाळ्याबद्दल, मनूला

वाई, 11 एप्रिल

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन तू आईला केलास. मी शेजारीच बसलो होतो. तू 'बाबांना दे' म्हणाली नाहीस, मीही मागितला नाही. गेटपाशी जे बोलणं झालं ते झालं. कंदी तुझी कुत्री आहे, तू तिला चंद्रपूरला नेलीस, मला काही म्हणायचं नाही. तो विषय मी काढणारही नाही. फक्त एवढं सांग, दुपारी लाईट गेली तर काय करायचं ठरवलंयस?

चंद्रपुरात 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, तिथे कसली लाईट जाते, असं तू म्हणालीस. अगं, कोयना आपल्याच जिल्ह्यात आहे. वाईत लाईट जायची थांबली का? डीपी उडायची ती उडतेच, आणि नेमकी दुपारी दोनला उडते. तू तेव्हा बँकेत असणार, दाराला कुलूप असणार.

असो. मला कुत्री माहीत नाहीत अशातला भाग नाही. मळ्यात वाघ्या होता. शिळी भाकरी आणि ताक, एवढ्यावर तो वाढला. उन्हाळ्यात पाटाकडेची ओली माती उकरायचा आणि त्या खड्ड्यात दिवसभर पडून राहायचा. त्याच्यासाठी कुणी कधी डॉक्टर आणला नाही. म्हणून तू ट्रेनिंगला जाताना कंदीला 'दोनच महिने' म्हणून आमच्याकडे सोडलंस, तेव्हा अण्णा म्हणाले, हे काय लोकरीचं गुंडाळं आणलंय. मलाही तसंच वाटलं होतं. भुंकायची म्हणून नाही. दूधवाल्यावर नाही, पोस्टमनवर नाही. चोर आला तर त्याच्या मांडीवर जाऊन बसेल अशी अवस्था.

मग वाचायला लागलो. रिटायर झालो तरी इतिहासाची खोड जात नाही. आपली कंदी शित्झू जातीची. या शित्झूंचे पूर्वज तिबेटातून चीनच्या बादशहांना भेट म्हणून यायचे आणि तिथल्या राजवाड्यात ही जात घडली, असं सांगतात. सम्राज्ञी त्सशीला या कुत्र्यांचा फार शौक. ती 1908 मध्ये वारली आणि राजवाड्यातली ती जोपासना विस्कटली. 1930 मध्ये काही कुत्री इंग्लंडात पोचली. तिथे आधी त्यांना ल्हासा ॲप्सो या दुसऱ्या तिबेटी जातीतच धरत, 1934 च्या सुमारास वेगळं काढलं. आज जगभर जेवढे शित्झू आहेत ते सगळे अवघ्या 14 कुत्र्यांच्या वंशातले मानले जातात. आपली कंदी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जन्मली खरी, पण तिचं खानदान तिथपर्यंत जातं.

यात माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की या कुत्र्यांना राखण, शिकार, मेंढरं, असलं कुठलंच काम कधी कुणी दिलं नाही. माणसाजवळ बसायचं, हेच त्यांचं काम. आणि ते ती चोख करते. मी अंघोळीला गेलो की मोरीच्या दाराबाहेर पायपुसण्यावर बसायची. पेपर वाचताना माझ्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी ठेवून घोरायची. तशा कुत्रीला तू दहा ते सहा कुलपाआड ठेवणार. हेही सोडून देतो, नोकरी आहे, करावंच लागतं. पण त्यात लाईट गेली तर?

मला भीती का वाटते ते नीट सांगतो, म्हणजे म्हाताऱ्याची कटकट म्हणून सोडून देणार नाहीस. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकतं, नाकातला, जिभेवरचा ओलावा वाळतो आणि त्याने अंग निवतं. वाघ्याचं तोंड चांगलं वीतभर लांब होतं. कंदीचं नाक डोळ्यांच्या मधेच संपतं. तोंड आखूड झालं, पण आतली टाळू तेवढीच राहिली, ती घशात लोंबते, म्हणूनच ती घोरते. म्हणजे वारा आत-बाहेर जायची वाटच अरुंद, आणि वर केसांचा दुहेरी थर. इथे 38 झालं तरी मोरीतल्या फरशीवर पोट टेकून पडायची, हाक मारली तरी उठायची नाही. तुझ्याकडे 45 होणार.

कूलर घेतलास ते बरं केलंस. विदर्भातली हवा कोरडी, तिथे कूलर चांगला चालतो. पण खिडकी फटीएवढी तरी उघडी ठेव. खोली बंद करून चालवलास तर तासाभरात आतली हवा दमट होते, आणि दमट हवेत धापा टाकून काही होत नाही, ओलावा वाळतच नाही. केस तासून काढू नकोस, उन्हाने कातडी भाजते. बोटाच्या एका पेराएवढे ठेव. फिरायला उजाडायच्या आत. संध्याकाळी नेशील तर आधी डांबरावर हाताची पालथी बाजू ठेवून बघ, तुला सोसवली नाही तर तिलाही सोसवणार नाही.

पुन्हा सुरू झालो बघ. मास्तरकी काही सुटत नाही, माफ कर. तू शाखाधिकारी झालीस, पन्नास माणसांची कर्जं मंजूर करशील, तुला मी कूलर शिकवतोय. घाटावरच्या कट्ट्यावर मी कुणालाही सांगितलेलं नाही, तरी सगळ्यांना तुझं प्रमोशन माहीत आहे. आईचं म्हणणं मीच सांगितलं. सांगितलं असेल.

तुला माईआत्याच्या नणंदेचं लग्न आठवतं का? तू दुसरीत होतीस. पंढरपूरला निघालेला वऱ्हाडाचा टेम्पो म्हसवडच्या पुढे बंद पडला. मे महिना, एक झाड नाही. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला आणि इकडे तुझे ओठ पांढरे पडले. आधी घामाने भिजली होतीस, मग घामच यायचा थांबला. तुझी आई रडायला लागली. मी टोपीने वारा घालत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. एक मेंढपाळ कुठून आला कोण जाणे, त्याने काही न विचारता त्याची अख्खी कळशी तुझ्या अंगावर रिकामी केली. पन्नास मेंढरांबरोबर उन्हात फिरणारा माणूस, त्याला स्वतःला प्यायला काय राहिलं असेल! थोड्या वेळाने डोळे उघडलेस आणि विचारलंस, "वाघ्याला पाणी दिलं का?" वाघ्या वाईला होता.

तेव्हा कंदीला कधी ऊन लागलंच तर त्या माणसासारखं कर, आधी पाणी, मग डॉक्टर. धापांचा आवाज घरघरल्यासारखा झाला, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना तोल जायला लागला, की वाट बघायची नाही. नळाचं पाणी अंगावर ओतत राहायचं, पंखा लावायचा, ओला टॉवेल मात्र गुंडाळून ठेवायचा नाही, तो उष्णता आत कोंडतो. थोडी निवली की उचलून दवाखान्यात. चंद्रपूरला दवाखाना कुठे आहे ते आत्ताच बघून ठेव, तेव्हा शोधत बसू नकोस.

बाकीचं तुला येतं. डोळ्यांचं तेवढं रोज करत जा. तिचे डोळे मोठे आणि खोबणी उथळ, एक केस टोचला तरी बुबुळाला जखम होते. मी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून नाकाकडून बाहेर पुसायचो. आधी मान फिरवायची, मग मला एकच डोळा पुसू द्यायची, आणि दुसऱ्यासाठी बिस्किट मागायची. नाकावरचे केस वर उगवतात, ते गोळा करून डोक्यावर तुरा बांध, पण रबर घट्ट नको. गळ्यात पट्टा घालू नकोस, छातीचाच घाल. शिऱ्यातले बेदाणे नाहीत, कांदाही नाही, हे तुझ्या आईला सांगायची सोय नव्हती, तुला सांगतो.

गेल्यापासून तिची वाटी मोरीपाशीच आहे. आई म्हणते उचला. उचलीन.

इन्व्हर्टरवर एसी चालणार नाही, कूलर आणि पंखा चालेल, तेवढा मोठा घे. पैसे उद्या तुझ्या खात्यात टाकतो. तुझा पगार मला माहीत आहे, तरी टाकतो. परत पाठवलेस तर मागच्या दिवाळीसारखं होईल.

मे महिन्यात मी येऊन राहू का? विचारतोय फक्त. गुडघा आता बरा आहे, आणि दुपारी मला तसंही काही काम नसतं. आई म्हणते, 'मुलीला जरा एकटं राहू द्या.' तिचं बरोबर असेल. तुझं काय म्हणणं ते मोकळेपणाने कळव, मला वाईट वाटणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. इन्व्हर्टर येईपर्यंत घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेव. समोरच्या काकू दिवसभर घरी असतात असं आई सांगत होती. त्यांना कुत्र्याची भीती वाटत नाही ना, ते आधी विचार, आणि कंदीला दोन-तीन वेळा त्यांच्याकडे नेऊन आण. किल्ली दिलीस की मला फोन कर. मला कर, आईला नाही.