तिसऱ्या मजल्यावरच्या ताईस

ताई,

वयानं तू माझ्या मुलीएवढी, तरी या पत्रात ताईच म्हणणार.

सोनिक पाय म्हणजे कोड लिहून संगणकावर संगीत वाजवायची भाषा. तिच्यावर तिहाई बसवायची, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं, एवढीच माझी हौस. केंब्रिजच्या सॅम ऍरननं ही भाषा २०१२ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी केली. त्यात तबल्याचे घे, ना, ते असे बोलही तयार मिळतात. तरी कोडिंगच्या ज्या क्लासात मी पैसे भरले तिथले सर म्हणाले, "काका, हे लॉजिकचं काम आहे, तबला वेगळा." तिहाईचा हिशेब कधी बोटांवर न केलेल्या माणसानं मला लॉजिक शिकवावं! पैसेही बुडालेच.

तुझ्याकडे आलो तेव्हा मी लॅपटॉप उघडून रडगाणं सुरू केलं. तू तो मिटलास आणि म्हणालीस, "आधी बोलून दाखवा."

ताई, ते झाकण मिटणं मी विसरणार नाही. मी हातावर ताल धरला: तिट कता गदि गन धा. तू पेपरच्या कडेला रेघा मारत गेलीस. ५ मात्रांचा तुकडा तीनदा, आणि मधल्या दोन्ही जागी १ मात्रा दम, म्हणजे विसावा. शेवटचा धा सतराव्या मात्रेवर, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाच्या पुढच्या समेवर. "हाच तुमचा लूप," म्हणालीस, "आणि दम म्हणजे इथलं स्लीप, थांबायची आज्ञा." मी तिसऱ्या खेपेनंतरही दम ठेवला होता, म्हणून ठेका एक मात्रा उशिरा येत होता. दोन महिने मी यंत्राला शिव्या देत होतो!

वर चहा पिता पिता हेमचंद्राचार्यांचं सांगितलंस. लघूची १ मात्रा, गुरूच्या २, असं धरून वृत्तं मोजताना बाराव्या शतकात त्यांनी १, २, ३, ५, ८, १३ ही माळ मांडली, जिच्या नावानं ती ओळखली जाते त्या इटलीच्या गणिती फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी. पुढच्या माणसाला काय येतं ते आधी विचारावं, एवढी माणुसकी हल्ली फी भरूनही मिळत नाही.

रविवारी मुलांना तिहाई ऐकवली. सातवीतला एक जण म्हणाला, "सर, बेदम करा ना." दोन्ही दम काढले आणि धा पंधरावर येऊन पडला. मग सुरुवातीला मीच लिहिलं, स्लीप २. धा समेवर आला. तुला फोन केला नाही.

तुझा डबा माझ्याकडेच आहे. रिकामा परत करणार नाही.

तळमजल्यावरचे तबलावाले काका