कुकरच्या शिट्टीला घाबरलेलं पिल्लू

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

रविवारी फोनवर बाबांनी "कैद्यांची कुत्री घरात आणतेस?" एवढंच विचारलं आणि फोन आईकडे दिला. बाबांचा तो आवाज मी ओळखते. म्हणून सविस्तर लिहितेय.

इथून तासाभरावर, न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्सला बायकांचा कडक बंदोबस्ताचा तुरुंग आहे. 'पपीज बिहाइंड बार्स' ही संस्था १९९७ पासून लॅब्रॅडॉरची जेमतेम ८ आठवड्यांची पिल्लं कैद्यांकडे वाढवायला देते. पिल्लू त्या बाईच्याच कोठडीत झोपतं. शी-शू, खाणं, शिस्त, सगळं तिच्याकडे. दोनेक वर्षांत तयार झालं की ते स्फोटकं हुंगायच्या कामावर जातं, नाहीतर युद्धातून जखमी होऊन परतलेल्या एखाद्या सैनिकाकडे. पडलेली वस्तू उचलून देणं, दिवा लावणं, हे त्याला त्या बाईनेच शिकवलेलं असतं.

पण तुरुंगात रहदारी नाही, दारावरची बेल नाही, मिक्सर नाही. असा कुत्रा बाहेर पडल्यावर बिचकणारच. म्हणून आमच्यासारखे लोक शनिवार-रविवार पिल्लू घरी आणतात.

गेल्या शनिवारी वरणाचा कुकर लावला होता. पहिल्या शिट्टीला स्वारी सोफ्याखाली, शेपटीचं टोक तेवढं बाहेर. दुसरीला नाक दिसलं. तिसरीला ओट्याशी येऊन बसलं, जणू वरण त्यालाच वाढायचंय! परत पाठवताना मी चिठ्ठीत लिहिलं, 'कुकर: तीन शिट्ट्यांत सरावलं.' तर संस्थेमार्फत त्या बाईचा उलट निरोप आला, शिट्टी नेमकी कशी वाजते ते लिहा, मी तोंडाने काढून रोज सराव घेईन. आता 'फुस्स' इंग्रजीत कसं लिहायचं, सांगा!

बाबा, तिने काय केलंय ते मला ठाऊक नाही, विचारणारही नाही. त्या तुरुंगात आहे म्हणजे किरकोळ नसावं. पिल्लू सांभाळलं म्हणून ते पुसलं जात नाही, आणि जिच्या घरावर ते गुदरलं तिला हे ऐकून संताप आला तर मला नवल वाटणार नाही. पण रात्री दोनला कुईकुई ऐकून उठायचं, आणि इतकं करून शेवटी ते परक्याच्या हाती द्यायचं, हे ती करतेय. मला तर सोमवारी परत देतानाच जड जातं.

आई, तुला आवडेल म्हणून सांगते. हे पहिल्यांदा १९८१ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बायकांच्या तुरुंगात पॉलीन क्विन नावाच्या बाईने सुरू केलं. पोरवयात घरातून पळालेली, संस्थांमधून कोंडलेली, आणि एका जर्मन शेपर्डने सावरलेली. पुढे ती नन झाली.

आता मुद्द्याचं. तुम्ही मेमध्ये येताय. देवघर स्वयंपाकघरातच आहे, पण पिल्लू उंबऱ्याबाहेर थांबायला शिकलंय. तरी आई, तुला नको असेल तर तेवढे दिवस मी संस्थेला 'नाही' कळवते. फक्त एप्रिलच्या आधी कळव, त्यांना दुसरं घर शोधावं लागतं. आणि बाबांच्या गुडघ्याचं तेल चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको.

तुमची,
मनू