पिण्याचं पाणी वेगळं ठेव

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

उजनीची पाइपलाइन फुटली आणि पाचव्या दिवशी यायचं पाणी आठवा दिवस उजाडला तरी नाही, हे काल फोनवर ऐकलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. शंभरएक किलोमीटरवरून येणारं पाणी ते. वाटेत लाइन फुटली, पंपाची वीज गेली, की आपले नळ कोरडे. ताईच्या बाळंतपणामुळे मला महिनाभर तरी पुण्याहून हलता येत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

पाणी आलं की पहिली गढूळ धार बादलीत धर, ती संडासाला. स्वच्छ यायला लागलं की आधी पिण्याचं भर, टाकी मागून. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धर. तू आणि आजी, आठ दिवसांचे चौसष्ट लिटर. वीस लिटरचे तीन कॅन आणि स्टीलचा हंडा, झालं. रंगाचे, फिनेलचे रिकामे डबे कितीही धुतलेस तरी त्यात पिण्याचं भरू नकोस. आरओचं पाणीही साठवू नकोस, त्यात क्लोरीन उरत नाही, ते लवकर खराब होतं.

तू दुसरीत होतास तेव्हाचं सांगते. मे महिना, टँकरचं पाणी. मी तुरटी फिरवली, चौपदरी फडक्याने गाळलं, नितळ दिसलं म्हणून तसंच दिलं. तिसऱ्या दिवशी तुला जुलाब लागले, संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले. सलाइनचा एकेक थेंब मोजत बसले होते मी. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे मला त्या रात्री कळलं. टँकरचं पाणी गाळून खळखळ उकळ, उकळी फुटल्यावरही मिनिटभर गॅस चालू ठेव. सिलिंडर संपत आला असेल तर फडताळात क्लोरीनच्या थेंबांची बाटली आहे. तिच्यावर लिहिलेत तेवढेच थेंब घाल, अर्धा तास झाकून ठेव, मग प्या.

हंड्यात तांब्या बुडवू नकोस रे. खुंटीवर लांब दांड्याचं ओगराळं आहे, त्यानेच काढ, बोटं पाण्याला लागता कामा नयेत. आजीचा हात थरथरतो, तिला तूच काढून दे.

वापरायच्या पिंपावर झाकण घट्ट बसव. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि ती आतल्या कडेला चिकटून बसतात, म्हणून नवं पाणी भरण्याआधी पिंप काथ्याने घासून कोरडं कर.

पाणी आलं की, रात्री-अपरात्री का होईना, मला फोन कर.

तुझी आई