चांगल्या डोळ्यावर पट्टी कशासाठी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

चिमूचा डावा डोळा अधू आहे, मग पट्टी धडधाकट उजव्या डोळ्यावर कशासाठी, हा बाबांचा फोनवरचा प्रश्न रास्त होता. सुट्टीत ती तुमच्याकडे राहणार असल्याने पट्टी तुम्हालाच लावावी लागेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तिच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच जास्त आहे. त्या डोळ्याकडून मेंदूला सतत धूसर चित्र मिळत राहिले, तेव्हा मेंदूने उजव्याच्या स्वच्छ चित्रावर भिस्त ठेवली आणि डाव्याकडे दुर्लक्ष करण्याची त्याला सवय जडली. त्यामुळे आता अचूक नंबरचा चष्मा लावूनही डावा डोळा लगेच स्पष्ट पाहू शकत नाही. काही मुलांमध्ये हेच तिरळेपणामुळे होते, तर क्वचित जन्मजात मोतीबिंदूमुळे किंवा डोळ्यावर उतरलेल्या पापणीमुळे. बाबा, तुम्हाला पुरावा लागतो म्हणून सांगते: ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला, तेव्हा पुढे तो उघडल्यावरही मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्याला दाद देईनात, मोठ्या मांजरांत मात्र असे घडले नाही. दृष्टीविषयीच्या संशोधनासाठी त्या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. उपचार लहानपणीच का करायचे, याचे उत्तर त्या पिलांत आहे. सात वर्षांच्या आत गुण चांगला येतो. त्यानंतरही काही मुलांना फायदा होतो, पण भरवसा कमी.

आई, तू म्हणतेस की ती तर सगळे व्यवस्थित पाहते. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा काम भागवतो, म्हणून ती तक्रार करत नाही आणि आपल्यालाही काही जाणवत नाही. एकेक डोळा झाकून तपासल्यावरच हा दोष उघड होतो.

उपचाराची सुरुवात चष्म्याने झाली, आणि काही मुलांचे तेवढ्यानेच भागते. चिमूची दृष्टी चष्म्याने थोडी सुधारून तिथेच थांबली, म्हणून आता रोज दोन तास पट्टी सांगितली आहे. दोन तासांनी काय होणार, असे तुम्हाला वाटेल. परंतु मध्यम स्वरूपाच्या दोषात दोन तासांच्या पट्टीने सहा तासांइतकीच सुधारणा होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. त्यामुळे प्रेमापोटी वेळ वाढवू नका आणि दया येऊन कमीही करू नका. अति झाकल्याने क्वचित चांगल्या डोळ्याचीही दृष्टी उतरते.

पट्टी त्वचेवर चिकटवायची आणि चष्मा तिच्यावरून घालायचा. चष्म्याच्या काचेवर कापड लावले तर ती कडेने डोकावते, आणि ते तिला फार सुरेख जमते. त्या वेळात तिला चित्र रंगवायला, मणी ओवायला किंवा पुस्तक वाचायला बसवा. जिन्यावर एकटी सोडू नका. ती रडेल, कारण त्या दोन तासांत तिला खरोखरच कमी दिसते. ती पट्टी काढू लागली तर रागावण्यापेक्षा खेळात गुंतवा. अगदीच जमेना, तर चांगल्या डोळ्याची जवळची नजर तात्पुरती धूसर करणारे अॅट्रोपीनचे थेंब हा पर्याय आहे, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

दृष्टी सुधारली म्हणून पट्टी एकाएकी बंद करायची नाही. उपचार थांबल्यावर सुमारे एक चतुर्थांश मुलांची दृष्टी पुन्हा घसरते. म्हणून डॉक्टर वेळ हळूहळू कमी करतात आणि त्यानंतरही तपासण्या चालू ठेवतात. चष्मा मात्र तिने दिवसभर घालायचा आहे, फोटो काढतानासुद्धा, आई.

पट्ट्यांचे पाकीट तिच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवले आहे. कातडी लाल झाली, तर दुसऱ्या दिवशी पट्टी थोडी तिरकी लावा आणि मला कळवा.

तुमची लेक