ओवीला कुठलं पुस्तक द्यायचं?

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ओवीच्या वर्गातल्या मुली ती परीलोकवाली सिरीज वाचतायत, तिलाही वाढदिवसाला तीच हवीय, आणि तू म्हणतेस हो किंवा नाही एवढं सांग म्हणजे मी ऑर्डर करते. तर आधी उत्तर देते, नको, आत्ता नको, बाराव्या वर्षी तर नकोच. पण का नको ते व्हॉट्सअॅपवर चार ओळीत लिहिलं असतं तर तू ओवीला जाऊन सांगितलं असतंस की नीलूमावशी म्हणते ते घाणेरडं पुस्तक आहे, आणि मला ते नकोय, कारण ते घाणेरडं नाहीये आणि ओवीला तसं वाटायलाही नको. म्हणून बसून लिहितेय.

‘ए कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ हेच ना ते? त्याचा पहिला भाग २०१५ ला आला तेव्हा यंग अॅडल्ट (वायए), म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीचं पुस्तक म्हणूनच आला होता. मग २०२० मधे त्याच प्रकाशकांनी नवी कव्हरं घालून ती सिरीज मोठ्यांच्या कपाटात नेऊन ठेवली. गोष्ट तीच, फक्त दुकानातली जागा बदलली. आता ज्या बाईने जुनी यादी बघून पोरीला पुस्तक घेतलं तिचं काय चुकलं सांग. यादीत वायए लिहिलेलं, कव्हरवर छान रंगीत चित्र, मुकुट, काटे, वेली, आणि मुलगी परीकथा म्हणून मागतेय. हिरॉईन एकोणीसची आणि तिच्या आयुष्यात येणारे पुरुष शेकडो वर्षं जगलेले, आणि पुढच्या भागांत बेडरूममधले प्रसंग अगदी सविस्तर. मोठ्या बाईने वाचावं, मजेत वाचावं, मीपण वाचलंय. सातवीतल्या मुलीसाठी ते लिहिलेलंच नाहीये एवढंच.

आणि हे वायए प्रकरणच मुळात फार पसरट आहे गं. अमेरिकेतल्या लायब्ररीवाल्यांची जी संघटना आहे ती बारा ते अठरा म्हणजे यंग अॅडल्ट असं धरते. बारा आणि अठरा! म्हणजे तुझी ओवी आणि तुझा इंजिनिअरिंगला गेलेला पुतण्या एकाच कपाटासमोर उभे. त्यात २०१२ ला तिकडे एक पाहणी झाली होती बाऊकर नावाच्या कंपनीची, त्यात निघालं की वायए पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्यावरचे आहेत, आणि त्यातही सगळ्यात मोठा गट तीस ते चव्वेचाळीसवाला. मग लिहिणारे कोणासाठी लिहिणार? जे विकत घेतात त्यांच्यासाठी. गिऱ्हाईक मोठं झालं आणि पुस्तकंही त्याच्यामागे मोठी होत गेली, कपाटावरची पाटी मात्र तीच राहिली.

सिनेमाचं बघ, आपल्याकडे २०२४ पासून यूए सर्टिफिकेटचे वयाप्रमाणे तीन तुकडे केलेत, सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस. ओटीटीवर तर आधीच होते. पुस्तकावर असं काहीच सक्तीचं नाही, आणि मला ते असावं असंही वाटत नाही खरं तर. इंग्लंडमधे २००८ ला प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांच्या मागे वयाचा आकडा छापायचं ठरवलं होतं, तेव्हा लेखकांनीच जोरात विरोध केला, फिलिप पुलमन सगळ्यात पुढे. त्यांचं म्हणणं होतं की ज्या मुलाचं वाचन जरा मागे आहे तो तेरा वर्षांचा मुलगा नऊ प्लस लिहिलेलं पुस्तक सगळ्यांसमोर हातात घेईल का? नाही घेणार. मी शनिवारी वाचनालयात मुलांबरोबर बसते ना, हे मला दर वेळी पटतं. मोठी मुलं बारकी पुस्तकं दप्तरात लपवून नेतात, आकडा छापला असता तर हातच लावला नसता त्यांनी.

आकड्याची दुसरी भानगड अशी की तो बहुतेक वेळा भाषेचा असतो. ते वाचनाची पातळी ठरवणारं लेक्साइल वगैरे जे शाळांमधे चालतं ते वाक्य किती लांब आणि शब्द किती अवघड एवढंच मोजतं. आत काय घडतं ते त्याला कळत नाही. आणि या रोमँटसी, म्हणजे रोमान्स अधिक फँटसी पुस्तकांची भाषा सोपी सुळसुळीत असते, ओवी दोन दिवसात संपवेल. तिला ‘वाचता येतं’ यावरून काहीच ठरत नाही वैशू. तू मेसेजमधे म्हणालीस ना, की ती तिच्या वयाच्या पुढचं वाचते, तिथेच मला थांबवावंसं वाटलं तुला.

मग मी काय बघते ते सांगते. लोक विचारतात मारामारी आहे का, रक्त आहे का, किसिंग आहे का, म्हणजे भाजीच्या यादीसारखं. मी बघते की ते घडून गेल्यावर पुस्तक काय करतं. कोणी मेलं तर त्याच्यासाठी पुढच्या पानावर कोणी रडतं का, की हिरो तलवार पुसून पुढे चालायला लागतो? ज्याने मारलं त्याला झोप येते का? आपण काय वाचून मोठ्या झालो आठव, चांदोबातला विक्रम आणि वेताळ, दर महिन्याला झाडावरून प्रेत खांद्यावर घ्यायचं. महाभारतात अश्वत्थामा झोपलेल्या पोरांना मारतो, आणि हे आपल्याला पाच-सहा वर्षांच्या असताना सांगितलेलं आहे. पण त्याचं पुढे काय झालं तेही सांगितलं होतं ना, ती कपाळावरची न भरणारी जखम आणि दारोदार तेल मागत फिरणं. आणि माझी आजी सांगताना आमच्या तोंडाकडे बघत असायची, धाकटा घाबरला की लगेच द्रौपदीच्या थाळीकडे वळायची, वस्त्रहरण आम्हाला कितीतरी वर्षं तिने ‘कृष्णाने साडी पुरवली’ एवढंच सांगितलं. पुस्तक वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघू शकत नाही. ते काम घरात कोणीतरी करायला लागतं, आणि ते तुझ्याशिवाय कोण करणार.

रोमान्सचंही मी तसंच बघते. नुसतं प्रेम असलं, एखादं चुंबन असलं तर बाराव्या वर्षी काही बिघडत नाही, त्यांच्या वर्गात त्याहून जास्त गप्पा चालतात. मी बघते की त्या दोघांत ताकद कोणाकडे आहे आणि पुस्तकाला ते दिसतंय का. पाचशे वर्षांचा राजपुत्र आणि सतरा वर्षांची मुलगी, तो तिच्या मनातलं वाचतो, तिला न विचारता उचलून नेतो, दुसऱ्या मुलाकडे बघितलं तर भिंतीवर मूठ मारतो, आणि पुस्तक म्हणतं वा, काय प्रेम आहे! हे असं एक मागच्या महिन्यात आमच्याकडे एका मुलीने आणलं होतं, आठवीतली आहे, फारशी बोलत नाही. ती पानावर बोट ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, ताई, हा तिला विचारत का नाही? आम्ही तासभर त्या एका पानावर बोललो, बाकीच्या मुली पण आल्या, एकीचं म्हणणं की जादूच्या दुनियेत असं चालतं, दुसरी म्हणाली चालत नाही, तिथेही तिला तोंड आहे ना. मी अशा वेळी फार बोलत नाही.

आणि न्यायाचं म्हणशील तर, तुझ्या त्या सिरीजच्या दुसऱ्या भागात हिरॉईनला ‘तुझ्या काळजीपोटी’ म्हणून घरात कोंडून ठेवणारा जो प्रियकर आहे तो साफ चुकीचा ठरवलाय, ती त्याला सोडून जाते. मला ते फार आवडलं होतं. सोळा-सतराव्या वर्षी मुलीने ते वाचलं तर तिला पुढे उपयोगी पडेल असं मी म्हणेन. पण तेवढ्यासाठी बाराव्या वर्षी बाकीचं सगळं गिळायला लावायचं का, तर नाही.

अजून एक, ज्याचा कोणी विचारच करत नाही, ते म्हणजे सिरीज. हॅरी पॉटर घे. पहिलं पुस्तक १९९७ चं, शेवटचं २००७ चं, मुलगा अकराचा असतो तो सतराचा होतो, आणि चौथ्या भागाच्या शेवटी कब्रस्तानात एक चांगला मुलगा काही कारण नसताना मारला जातो, तिथून सगळं अंधारत जातं. तेव्हाची मुलं त्या पुस्तकांची वाट बघत बघत स्वतः मोठी झाली. आताच्या मुलीच्या टेबलावर सातही भाग एकदम येतात आणि ती मे महिन्याच्या सुट्टीत अकरावरून सतरावर पोचते. म्हणून कोणतीही सिरीज असो, बॉक्स सेट घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. पुस्तक हातात घेतलं की उलटं कर, बारकोडच्या आसपास बारीक अक्षरात कधीकधी लिहिलेलं असतं की लहान वाचकांसाठी योग्य नाही, किंवा चौदा वर्षं आणि पुढे. फुटपाथवरच्या स्वस्त कॉप्यांवर तेच नेमकं पुसट छापलेलं असतं, ते बघ. हल्ली काही पुस्तकांत सुरुवातीलाच एक पान असतं, आत काय काय त्रासदायक आहे त्याची यादी, ते वाच. किंडलच्या फुकट सँपलवर अजिबात जाऊ नकोस, त्यात सुरुवातीची पानं मिळतात आणि सुरुवातीला बिचारी हिरॉईन जंगलात शिकार करत असते, सगळं साधं सरळ. मी शेवटच्या तिसऱ्या हिश्शात कुठेही उघडते आणि सलग वीसेक पानं वाचते, बहुतेक तिथे कळतं. कॉमन सेन्स मीडिया म्हणून साइट आहे, तिथे काय आहे आणि किती आहे ते लिहिलेलं असतं, ते वाच पण त्यांचा आकडा डोळे मिटून घेऊ नकोस, तिकडच्या लोकांना शिवी जास्त खटकते आणि आपल्याला दुसरंच काही.

रील्सवर तर मुली आता पुस्तकात बेडरूममधले प्रसंग किती ते सांगायला मिरच्या मोजतात, या पुस्तकाला दोन मिरच्या, त्याला पाच. ओवीला माहीत असणार, विचारून बघ. पाच मिरच्या असलेलं पुस्तक तिला का हवंय हे तिच्याकडूनच ऐक, बहुतेक ती म्हणेल सगळ्या वाचतायत, मी एकटीच नाही. ते एकटं पडण्याचं दुःख खरं आहे, ते उडवून लावू नकोस. तिला सरळ सांग की हे मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, प्रकाशकांनीच तसं ठरवलंय, आणि तू सोळाची झालीस की मी स्वतः आणून देईन. आणि मैत्रिणीकडून घेऊन गुपचूप वाचलंच तर ओरडू नकोस, तुला त्यातलं काय वाटलं ते मला सांग म्हण. गुपचूप वाचलेल्या पुस्तकाबद्दल विचारायला घरात कोणीच नाही, हे मला त्या पुस्तकापेक्षा जास्त वाईट वाटतं.

आमच्या बडोद्यात सयाजीरावांनी १९१० ला त्या बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून लायब्ररीचं केवढं काम उभं केलं, खेडोपाडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. पण बारा ते पंधराच्या मुलांनी उभं कुठे राहायचं हा प्रश्न मला आजही कुठल्याही लायब्ररीत पडतो, इकडचं कपाट बाळबोध वाटतं आणि तिकडचं झेपत नाही. मराठीत तर या वयासाठी फँटसी शोधायला गेलं की हात रिकामेच येतात, म्हणून सगळ्या इंग्रजीकडे वळतात, त्यांचा काय दोष.

वाढदिवसाला पर्सी जॅक्सनचा पहिला भाग घे. २००५ चं आहे, मुलगा बाराचाच आहे, ग्रीक देव आहेत, राक्षस आहेत, आई आहे आणि ती चांगली खमकी आहे. ओवीला आपल्या देवांच्या गोष्टी येतात म्हणून जास्तच आवडेल. पहिले दोन सुटे घे, तिसरा तिने मागितल्यावर. आणि ती वर्गात दुसरी जी ड्रॅगनवाली सिरीज फिरतेय म्हणालीस तिचं नाव मला नीट कळलं नाही व्हॉइसमधे, लिहून पाठव, आमच्याकडे मिळाली तर या आठवड्यात वाचून तुला कळवते.

काकूंना नमस्कार, ओवीला पापा.

तुझी,
नीलू