दाराला कडी लावू नकोस

पुणे,
१२ मे २०२१

प्रिय अन्या,

तुला कोविड झालाय हे सांगायला वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या औषधांच्या दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. नंतर तुला फोन केला तर तुझा घसा इतका बसलेला की मीच आवरतं घेतलं. पण सांगायचं बरंच आहे. म्हणून शटर ओढून घेतलं आणि लिहायला बसलोय. सावकाश वाच, आणि वाचून झालं की वहिनींना वाचायला लाव. यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

डॉक्टरांनी तपासून, रक्त बघून मगच घरी राहायला सांगितलं, हे उत्तम झालं. नियमही तोच आहे. शुगर, बीपी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या मनाने घरी विलग व्हायचं नाही, डॉक्टरांनी तपासून परवानगी द्यायला हवी. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान १० दिवस व्हायला हवेत आणि शेवटचे ३ दिवस ताप नको, मग तू खोलीबाहेर. पुन्हा टेस्ट करायची गरज नाही. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन दिवसातून तीन-चारदा बघ, बोट गार असेल तर आधी हात चोळून घे. खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालून पुन्हा बघ. आकडा ९४च्या खाली गेला, चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा चालताना धाप लागली, तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं. मुळातच ९४च्या खाली असेल तर चालून बघायचंच नाही. हे सगळं तुला ठाऊक असणार, सगळीकडे तेच चाललंय.

ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही ते सांगतो. गेले दोन महिने काउंटरवर रोज बघतोय. माणूस ऑक्सिमीटर मागतो, वाफेचं मशीन मागतो, झिंक मागतो. मधुमेही असला तरी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मागत नाही. ‘आता कोविडचं बघू, शुगरचं नंतर’ असं सरळ म्हणतात. अन्या, तुझ्यासारख्या २० वर्षं जुन्या मधुमेह्याला हे परवडणारं नाही. ताप आला की शरीर ताणाचे हार्मोन सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, आणि इन्सुलिन नेहमीइतकं काम करत नाही. म्हणजे पोटात अन्नाचा कण नसला तरी साखर चढते. म्हणून ‘जेवलोच नाही, मग इन्सुलिन कशाला’ हा हिशेब आजारपणात चुकतो. रात्रीचं इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्यापुढे ठेवायला तुझ्याकडे आकडे हवेत. सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी आणि झोपताना, इतक्यांदा तरी बघ. ताप असेल तर रात्री मध्येही एकदा. लागोपाठ दोनदा २५०च्या वर आली तर फोन कर, ३००च्या वर गेली तर दुसऱ्यांदा तपासायलाही थांबू नको.

तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे कर. सध्या घराघरात आंबा आहे. साल काढलेल्या बोटाला रस राहतो आणि पट्टीवर रक्ताबरोबर तोही जातो. आमच्याकडे एक गृहस्थ ३८० आकडा घेऊन थरथरत आले होते. हात धुवायला लावून पुन्हा बघितलं तर १६०. त्या ३८०वर विसंबून त्यांनी जास्त इन्सुलिन टोचलं असतं तर काय झालं असतं, विचार कर. सॅनिटायझर चोळून हा रस जात नाही, पाणीच हवं.

आता तुझ्या गोळ्या. प्रिस्क्रिप्शनचा फोटो वहिनींनी पाठवला, तो बघूनच लिहितोय. त्यातली डापाग्लिफ्लोझिन, ती लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी, तिच्याबद्दल उद्या सकाळी पहिला फोन तुझ्या डॉक्टरांना कर. ताप, उलट्या, न खाणं अशा दिवसांत ती थांबवतात. कारण तिच्यामुळे साखर २०० दिसत असतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठू शकतात. मग मळमळतं, पोट दुखतं, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो आणि श्वास खोल, जोरात चालतो. घरचे म्हणतात, कोविडची धाप लागली. ऑक्सिमीटर लावला तर ९७! मग सगळे निर्धास्त होतात, आणि माणूस तासातासाने आत ओढला जातो. तेव्हा ऑक्सिजन चांगला आणि श्वास वाईट असं दिसलं, तर दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे हवं: ‘मधुमेह आहे, डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू होती, कीटोन तपासा.’ वहिनी, हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

मेटफॉर्मिनचं असं की उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर तीही काही दिवस थांबवावी लागते. तेव्हाही डॉक्टरांना विचार. आणि ग्लिमेपिराईड घेऊन जेवला नाहीस तर साखर खाली येणार. मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे. पॅरासिटामॉल घेतल्यावर ताप उतरताना घाम येतो. साखर उतरतानाही घाम येतो, हात कापतात, छातीत धडधडतं. बंद खोलीत एकटा पडलेला माणूस म्हणतो, चला, ताप उतरला, आता झोपू. अन्या, अशा वेळी झोपायचं नाही. आधी बोट टोचायचं. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, अजून खालीच असेल तर पुन्हा साखर. वर आली की दोन बिस्किटं किंवा थोडा भात खायचा. साखरेची बरणी, चमचा आणि पाण्याचा तांब्या उशाशी हवा. स्वयंपाकघरातली साखर दाराबाहेर आहे, ती उपयोगाची नाही.

आणि दाराला आतून कडी लावू नकोस. दार लोटून ठेव. खोलीत कुणी येऊ नये म्हणून सगळे कडी घालून झोपतात, आणि पहाटे आत माणूस बेशुद्ध असला तर दार फोडावं लागतं. वहिनींनी रात्री झोपण्याआधी आणि पहाटे तीनच्या सुमारास एकदा फोन करायचा. तू उचलून नुसतं ‘हो’ म्हणालास तर पुरेसं नाही. आज वार कोणता, जेवायला काय होतं, असं काहीतरी विचारायचं. उत्तर अडखळलं तर मास्क घालून आत जायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात साखर, पाणी काही घालायचं नाही, ठसका लागून श्वास अडकेल. एका कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन करायचा.

स्टेरॉईडबद्दल मी जरा रागाने लिहितोय, चालवून घे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रिस्क्रिप्शन फिरतंय, त्यावर डॉक्टरांचा शिक्का, पेशंटचं नाव भलतंच, आणि पहिल्या दिवसापासून स्टेरॉईडच्या गोळ्या. लोक त्याची प्रिंट काढून दुकानात येतात. मी देत नाही, मग भांडतात आणि पुढच्या दुकानात जातात. गेल्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने ऑक्सिजनवरचे, व्हेंटिलेटरवरचे रुग्ण वाचतात. त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. औषध मोलाचं आहे, पण त्याची वेळ डॉक्टरांनीच ठरवायची. सौम्य आजारात ते आपण होऊन सुरू करायचं नाही, असं २८ एप्रिलच्या केंद्राच्या सूचनांमध्येही आहे. पुढे तुझ्या डॉक्टरांनी दिलंच तर घाबरू नको, घे. फक्त एवढं लक्षात ठेव की सकाळी घेतलेल्या गोळीने साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी भडकते. उपाशीपोटीची १२० बघून खूश राहशील आणि संध्याकाळी ती ४००वर असेल. त्या दिवसांत दुपारचा आणि रात्रीचा आकडा चुकवायचा नाही. आणि स्टेरॉईड कमी करत आणतील तेव्हा इन्सुलिनही कमी करावं लागेल, नाहीतर उलटा फटका बसतो.

काळ्या बुरशीच्या बातम्यांनी तू घाबरला असशील. चढलेली साखर आणि वर स्टेरॉईड, हीच तिची आवडती जमीन. साखर ताब्यात ठेवणं हाच तुझ्या हातातला मोठा बचाव आहे. तरी बरा झाल्यावरही काही आठवडे लक्ष ठेव. एका बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, एकच नाकपुडी चोंदणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव, दात हलायला लागणं, एक डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

सोलापूरच्या उन्हाचं विसरलो नाही. फ्रिज खोलीबाहेर आहे, म्हणून इन्सुलिनचं चालू पेन तुझ्याजवळच राहणार, आणि मे महिन्यात त्या पत्र्याखालच्या खोलीत पेन उघड्यावर ठेवलं तर इन्सुलिनचा जोर जाईल. छोटं मातीचं मडकं घे, त्यात कोरडा स्टीलचा पेला ठेव, पेल्यात पेन. मडक्याला बाहेरून ओलं फडकं गुंडाळ आणि सावलीत ठेव. न उघडलेली पेनं फ्रिजमध्येच, पण फ्रीझरला चिकटून नकोत, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लाव. घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात तुझी सुई घुसता कामा नये.

खाण्याचे फार लाड नकोत, उपासही नकोत. तोंडाला चव नसेल तर भाताची पेज, मुगाचं पातळ वरण, ताक, थोड्या थोड्या वेळाने. भाकरी गिळवत नसेल तर दुधात कुस्कर. पाणी मात्र सतत घोट घोट. तुझ्या किडन्यांचा रिपोर्ट चांगला आहे, तेव्हा आखडता हात नको. शेजारणीने पाठवलेल्या काढ्यात गूळ किती आहे ते विचारून घे. दिवसातून तीनदा गुळाचा काढा म्हणजे दिवसातून तीनदा सरबत.

इन्सुलिनच्या शोधाला यंदा १०० वर्षं होताहेत. १९२१च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट हे दोन संशोधक टोरांटोत त्यासाठी राबले, त्याआधी या आजाराची पोरं महिन्या-वर्षात जात. तुझ्या उशाशी ते मडक्यात ठेवलेलं आहे. हे मला रात्री झोपताना फार आधाराचं वाटतं, म्हणून सांगितलं.

तुमच्या चौकातल्या दुकानदाराला फोन केलाय. पट्ट्यांच्या दोन डब्या आणि सुया पोरगा दाराशी ठेवून जाईल. पैसे मी दिलेत, त्यावर वाद घालू नको. वहिनींनाही कणकण वाटली तर त्यांची लगेच टेस्ट करा, अंगावर काढू नका.

जेवणाआधीचा आणि झोपतानाचा आकडा मला आज रात्रीपासून पाठवत जा. कितीही असला तरी खरा पाठव. मी जागाच असतो.

तुझा,
बंड्या